बरं झालं म्हणण्याआधी

कुणाची नोकरी जाते, कुणाचं ठरलेलं लग्न मोडतं, चाकणच्या मोठ्या कंपनीने ऑर्डर थांबवली म्हणून भोसरीतलं कुणाचं छोटं वर्कशॉप बंद पडतं. मग आठवड्याभरात भेटायला येणाऱ्यांपैकी एकजण तरी म्हणतोच, "देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असेल." म्हणणाऱ्याच्या पोटात पाप नसतं. चहा येईपर्यंतची शांतता त्याला सोसवत नसते, एवढंच. ऐकणारा मान डोलावतो. पाहुणे गेल्यावर मात्र त्याला प्रश्न पडतो, की देवाच्या मनातलं ते चांगलं नेमकं काय आणि ते आपल्याला कळणार कधी? पाहुण्यांकडे याचं उत्तर नसतं. देवाकडे असलं तरी तो लगेच सांगत नाही.

या प्रश्नावर मराठीतला सगळ्यात कामाचा मजकूर पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, देहूला लिहिला गेला. तुकोबांचे दोन अभंग आहेत. एक सगळ्यांना ठाऊक असतो: 'बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली'. दुसरा म्हणजे 'याती शूद्र वैश्य केला वेवसाव' हा त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेला अभंग. प्रवचनात, व्हॉट्सअ‍ॅपवर, सांत्वनाच्या पत्रात पहिलाच वापरला जातो. माझं मत उलटं आहे. अडचणीतल्या माणसाने आधी दुसरा वाचावा, आणि पहिल्याला बराच काळ हात लावू नये.

आधी तुकोबांची परिस्थिती काय होती ते पाहू. घरात महाजनकी, वाण्याचा धंदा, थोडी सावकारी. मूळपुरुष विश्वंभरबाबांपासून विठ्ठलाचं देऊळ घरचंच. मग आईवडील गेले, थोरला भाऊ सावजी बायको वारल्यावर घर सोडून निघून गेला, आणि 1630 ते 1632 चा दुष्काळ आला. जन्मसाल 1608 धरलं तर दुष्काळ सुरू झाला तेव्हा तुकोबा बावीस वर्षांचे होते. धंदा बुडाला, गुरं गेली, पहिली बायको रखमा भुकेने मेली. मुलगा संतूही याच काळात गेला असं परंपरा सांगते. देहूसारख्या गावात महाजनाचं दिवाळं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. काल ज्याच्या दारी लोक उधारीला येत होते, त्याच्याकडे आज कुणी बघत नाही.

हे सगळं तो दुसऱ्या अभंगात सांगतो, आणि सांगताना देवाला मध्ये आणत नाही. पैसा आटला, मान गेला, बायको 'अन्न अन्न करितां मेली', जिवाला लाज वाटू लागली, धंद्यात तूट दिसली. सगळी वाक्यं जमाखर्चाच्या वहीतल्यासारखी. कुठेही "पण यामागे" नाही. पहिलं काम हेच. एक कागद घ्यावा आणि काय काय गेलं ते लिहावं: रक्कम, तारीख, माणूस. लाज कशाची वाटते तेही लिहावं, कारण बहुतेक वेळा नुकसानापेक्षा लाज जास्त पोखरते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये "सध्या कुठे?" असं विचारलं जाईल या भीतीने जिन्याने जाणारी माणसं हिंजवडीच्या आसपास हवी तितकी सापडतील. या कागदावर देवाचा हेतू लिहायचा नाही. लोक इथेच घाई करतात. पहिल्याच ओळीत "हे घडलं कारण देवाला..." असं लिहून मोकळे होतात आणि खालची सगळी यादी त्या कारणाच्या सोयीने लिहितात. मग खरा आकडा कधी बाहेर येतच नाही.

त्यानंतरची ओळ मला या अभंगाची किल्ली वाटते. देवाचं देऊळ होतं ते भंगलं होतं, ते करावंसं चित्तात आलं. बस. दृष्टांत नाही, आकाशवाणी नाही. समोर एक मोडकी गोष्ट होती आणि ती दुरुस्त करावीशी वाटली. दिवाळं निघालेल्या माणसाने मजूर लावले नसणार. चरित्रकारही सांगतात की त्याने स्वतः माती कालवून भिंती उभारल्या.

इथे जरा भिंतीपाशीच थांबू. जुनी दगडाची किंवा विटांची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. सांध्यांमध्ये चुना असेल तर ती ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडते. पेठांमधल्या वाड्यांवर आणि छोट्या देवळांवर गेल्या पन्नासेक वर्षांत जागोजाग सिमेंटचा गिलावा झालेला दिसतो. काम दोन दिवसांत होतं आणि दिसायला चकाचक. पण सिमेंट ओल अडवतं. अडलेली ओल आणखी वर चढते, वाळताना क्षार सोडते, आणि काही पावसाळ्यांनी गिलाव्याचा पापुद्रा दगडाचा चेहरा घेऊनच खाली येतो. चुन्याचं काम सावकाशीचं. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान काही आठवडे ओला ठेवायचा. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू, किंवा वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मिळून तेवढंच. जुने गवंडी त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालत. सांधे इंचभर खोल खरवडून, आतली धूळ काढून, पाणी मारून मग चुना दाबून भरायचा आणि आठ-पंधरा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. त्यानंतरही तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो. कोरड्या सांध्यात भरला तर दगडच त्याचं पाणी पिऊन टाकतो आणि चुन्याचं पीठ होतं.

आठवड्याभरात मिळालेलं "देवाने हे याचसाठी केलं" हे उत्तर त्या सिमेंटसारखं असतं. वरून भिंत गुळगुळीत दिसते, आतली ओल आतच राहते.

मग आपण काय दुरुस्त करायचं? देऊळच हवं असं नाही. तीन अटी मात्र पाळाव्यात. गोष्ट हाताशी असावी, मोडकी असावी, आणि तिचं काम कधीतरी संपणारं असावं. वडिलांच्या औषधांची आणि रिपोर्टांची फाइल तारखेप्रमाणे लावणं चालेल. सोसायटीतल्या वॉचमनच्या मुलीला दहावीच्या परीक्षेपर्यंत गणित शिकवणं चालेल. "समाजासाठी काहीतरी" हे चालणार नाही, कारण ते मोडलेलं कुठे आहे ते दाखवता येत नाही आणि संपलं कधी तेही कळत नाही. एनजीओ काढायची कल्पना या दिवसांत फार जणांना सुचते. ती वर्षभर तरी बाजूला ठेवावी.

देवळानंतर एकादशीचं कीर्तन. आणि लगेच कबुली: 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं'. सुरुवातीला मन लागत नव्हतं. तुकोबा हे सांगतात याचा मोठा आधार वाटावा. मन लागत नसताना केलेली उपासना खोटी, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. दुःखातल्या माणसाला ती फार छळते. इथे तर मन न लागणं ही सुरुवात म्हणूनच नोंदवली आहे.

एकादशी धरण्यामागे एक व्यवहारही आहे. महिन्याला दोन, वर्षाला चोवीस, अधिक मास आला तर सव्वीस. संकटात माणूस एकदम रोज अकरा माळा, पहाटे साडेचारचं उठणं, पारायण, सगळं एकत्र सुरू करतो. पहिल्याच आजारपणात साखळी तुटते, मग "आपल्याकडून देवाचंही होत नाही" ही नवी खंत जुन्या दुःखावर बसते. पंधरा दिवसांनी येणारी तारीख झेपते. चुकली तर पुढची असतेच. कॅलेंडरात कधी लागोपाठ स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या दिसतात. वारकरी भागवत धरतात, आपणही तीच धरावी आणि विषय संपवावा. उपवासाचं म्हणाल तर साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस यांनी 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण पुण्यात रोज नव्याने सिद्ध होते. फळं आणि दूध पुरे. मधुमेह असेल, किंवा दुःखाने आधीच जेवण तुटलेलं असेल, तर उपवास करूच नये, फक्त कीर्तनाला जावं. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कीर्तनाआधी मानसोपचारतज्ज्ञ. यात देवाचा अपमान होत नाही.

पाठांतराबद्दलही अभंग नेमकं बोलतो: संतांची 'काही' वचनं पाठ केली. सगळी नव्हेत. महिन्याला एक अभंग भरपूर झाला. मोठ्या अभंगाची मोजणी सोपी असते: प्रत्येक चरणात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक. बोटांवर मोजून मोठ्याने म्हणावं. सहा-सहाच्या लयीत पुढे जाताना शेवटी अचानक चारच अक्षरं येतात, तिथे आपोआप श्वास मिळतो. मनातल्या मनात वाचलं की हा श्वास हुकतो आणि अभंग नुसता अर्थ म्हणून उरतो. अर्थ काय, दुःखात कुणीही सांगायला येतं. हरिपाठ याच मापातला आहे. या छंदाला देवद्वार हे नाव पडलं तेही हरिपाठाच्या पहिल्या ओळीवरून.

त्याच्या पुढची सूचना मला सगळ्यात शहाणी वाटते. पुढे गाणारे जे गातात त्यांचं ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरावं. वारकरी कीर्तनात मध्ये कीर्तनकार, शेजारी मृदंग आणि वीणेकरी, मागे टाळकऱ्यांची रांग. कीर्तनकाराने चरण सोडला की रांग ध्रुपद उचलते. रांगेतल्या माणसाला काही सिद्ध करायचं नसतं, काही सांगायचं नसतं, "आता कसं वाटतंय?" असं त्याला कुणी विचारत नाही. त्याने फक्त वेळेवर यायचं असतं. नव्याने उभं राहणाऱ्याने कडेला उभं राहावं, पहिले काही दिवस टाळ न घेता नुसत्या टाळ्यांवर ठेका धरावा. नवख्यांची चूक ठरलेली: आवाज चढवणं आणि लय पळवणं. शेजारच्या जुन्या टाळकऱ्याच्या हाताकडे बघितलं की लय सुधारते. पुण्यात यासाठी लांब जावं लागत नाही. नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा, भवानी पेठेतला पालखी विठोबा, लकडी पुलाचं विठ्ठल मंदिर, सिंहगड रस्त्याला विठ्ठलवाडी. पहिल्या दोन देवळांत दरवर्षी अनुक्रमे तुकोबांची आणि माउलींची पालखी मुक्कामाला असते, म्हणून आपल्याला ती ज्येष्ठातच आठवतात. उरलेलं वर्ष ती तिथेच असतात.

शरीर कष्टवून जमेल तो उपकार केला, असंही तुकोबा म्हणतात. जमेल तो, आणि शरीराने. पालखी पुण्यात असते तेव्हा चपला शिवून देणारे, दाढी-कटिंग करून देणारे, पाय चेपणारे दिसतात. ते हेच करत असतात. एरवी ससून रुग्णालयाच्या आवारात बाहेरगावचे नातेवाईक कागद हातात धरून खिडकी शोधत असतात. आठवड्यातून एक ठरलेला तास, खिडकी दाखवणं, फॉर्म भरून देणं, इतकं पुरतं. अट एकच: त्यांना देवाचा हेतू समजावायचा नाही. स्वतःच्या दुःखाचा अर्थ न लागलेला माणूस दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ फार आत्मविश्वासाने लावतो.

एवढं झाल्यावर, यादीत बरंच खाली, स्वप्नातला गुरूचा उपदेश येतो आणि मग कवित्वाची स्फूर्ती. ज्याला आपण आज तुकोबांच्या जन्माचं प्रयोजन म्हणू ते यादीत इतक्या उशिरा आहे. देवळाची भिंत उभारताना त्याला त्याची कल्पना होती असं सुचवणारा एक शब्दही अभंगात नाही. हेतू आधी कळला आणि मग तो कामाला लागला, असा क्रम नाही.

आणि हेतू सापडला म्हणून अडचणी संपल्या, असंही नाही. लगेच पुढची ओळ निषेधाच्या आघाताची. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. नगर रस्त्यावरची वाघोली ती हीच. याच नदीत आपल्या वाट्याची कर्जखतं तुकोबांनी पूर्वी स्वखुशीने बुडवली होती, उरलेली अर्धी धाकट्या कान्होबाला देऊन. आता नेमकं जे कमावलं होतं तेच पाण्यात गेलं. तेव्हा तुकोबांनी "बरं झालं" म्हटलं का? नाही. 'बुडविल्या वह्या बैसलों धरणें'. येणं वसूल होत नसेल तर सावकाराने कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, दारात उपाशी बसायचं आणि तो बसला आहे तोवर घरातल्यांनीही जेवायचं नाही, अशी वसुलीची जुनी रीत होती. सावकारीच्या घरात वाढलेल्याला ती ठाऊक असणारच. इथे कूळ विठ्ठल आहे. तेरा दिवसांची, वह्या कोरड्या वर आल्याची कथा आपल्याला माहीत आहे. अभंग त्यातलं काही सांगत नाही, नारायणाने समाधान केलं एवढंच म्हणतो. रामेश्वर भट पुढे शिष्य झाले, तुकोबांची आरती त्यांचीच.

म्हणजे तक्रार करता येते. देवाबद्दल चारचौघांत कुरकुरण्यापेक्षा देवापाशीच करावी, मागणी एकच ठेवावी, आणि ती मोठ्याने म्हणावी. "सगळं चांगलं होऊ दे" ही मागणी नव्हे. कुळाच्या दारात बसलेला सावकार आकडा सांगतो.

आता 'बरें जालें'. त्याचा पहिलाच चरण मोजून पाहा: दिवाळें आणि दुष्काळें यांचं यमक जुळलेलं आहे. दोन सर्वांत वाईट गोष्टी एका मापात बसवण्याइतकं अंतर मध्ये गेलं आहे. हा संकटात काढलेला उद्गार नव्हे. शेवटच्या चरणात तो काय बरं म्हणतो, तर एकादशीचं व्रत, उपवास आणि जागरण. जिथे सुरुवातीला मन लागत नव्हतं, तिथेच.

याच अभंगाच्या आधाराने लोक दुसऱ्याच्या दुःखावर हात ठेवतात आणि गोंधळ होतो. बाईल मेली, पोर मेलं, बरंच झालं, असं म्हणणारा आणखी कठोर अभंगही तुकोबांचा आहे. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण ते पोर त्याचं स्वतःचं होतं. त्याने स्वतःबद्दल म्हटलेलं वाक्य आपण शेजारणीला म्हणू लागलो तर ते निव्वळ क्रौर्य होतं. शिवाय रखमाचा मृत्यू तिच्या नवऱ्याला कवी करण्यासाठी झाला, असं म्हणणाऱ्याने रखमाला काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवावं. मला ते देता येत नाही.

दुसरीकडे जिजाई, तुकोबांची दुसरी बायको. परंपरेप्रमाणे ती पुण्याच्या गुळवे सावकारांची मुलगी. 'बाइल कर्कशा' हेही 'बरें' या यादीत आहे, आणि लेकरं-बायको यांची उपेक्षा केली असं तुकोबा तिथे स्वतःच लिहितात. नवरा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर, पोरं घरी, घरात दाणा नाही, आणि ही भाकरी बांधून डोंगर चढतेय. एकाला देवाचा हेतू सापडत असताना चूल कोण पेटवत होतं, हा प्रश्न पुण्याच्या या मुलीच्या बाजूने विचारायलाच हवा. आजही नोकरी गेलेला पुरुष "आता जरा स्वतःला शोधतो" म्हणत ध्यानशिबिराला निघतो तेव्हा घराचा हप्ता बायकोच्या पगारातून जात असतो. सापडलेल्या हेतूची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती घरातल्या जिजाईकडून घ्यावी. दर महिन्याला तिच्यासमोर बसून घरखर्च, कर्ज आणि कामांची वाटणी मांडावी, आणि ती नाही म्हणाली तर नाही. त्यापायी एखादी एकादशी चुकली तरी चालेल, पुढची पंधरा दिवसांवर असते.